खेळाडू चालतो, मग कार्यकर्ता का नाही?

पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. २०२४ साली पॅरिसमध्ये भारताला २९ पदके मिळाली. त्यांतले गोळाफेकीचे एक रौप्य त्याच सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांचे. अपंग माणूस उत्तम खेळतो, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पण गावच्या कबड्डी स्पर्धेत गुणलेखन करणारा, वेळ नोंदवणारा, संघांची नोंदणी करणारा अपंग कार्यकर्ता आपल्याला कितीदा दिसतो?

आपली क्रीडामंडळे कार्यकर्त्यांच्या जिवावर उभी आहेत. मैदानावर फक्की मारणारा पोरगा पुढे पंच होतो, मंडळाचा सचिव होतो, जिल्हा संघटनेत जातो. ज्याला ही पहिली पायरीच मिळत नाही, तो निर्णयाच्या बैठकीत कधी बसणार? आणि त्या बैठकीत तो नसतो, म्हणूनच नव्या क्रीडासंकुलातही उताराचा रस्ता राहून जातो.

अडचणी घरापासून सुरू होतात. सामना सकाळी सातला, मैदान गावाबाहेर, एसटीच्या पायऱ्या उंच. मग रिक्षा, सोबत मदतनीस असेल तर त्याचाही दिवस बुडतो. काम विनामोबदला, त्यामुळे हा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. ब्रिटनमध्ये नोकरदार अपंगांना प्रवास आणि मदतनिसासाठी पैसे देणारी सरकारी योजना आहे, पण स्वयंसेवेला तीही लागू नाही.

मैदानावर पोहोचल्यावर प्रश्न स्वच्छतागृहाचा. याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही. चाकाची खुर्ची आत जाईल एवढे दार नसेल, तर आठ तासांच्या कामाला हो म्हणायचे म्हणजे आठ तास पाणी प्यायचे नाही. बायकांच्या बाबतीत तर विषय तिथेच संपतो.

काही अडथळे मात्र निव्वळ सवयीचे आहेत. गुणलेखकाचे टेबल चार पायऱ्या चढून व्यासपीठावर मांडलेले असते. ते खाली घ्यायला पैसे लागत नाहीत. कर्णबधिर कार्यकर्त्याला सूचना लाउडस्पीकरवरून मिळतात. अंध कार्यकर्त्याला व्हॉट्सॲपवर वेळापत्रकाचा फोटो येतो, आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या त्याच्या मोबाइलला तो बहुतेकदा नीट वाचता येत नाही. हेच वेळापत्रक टाइप करून पाठवायला पाच मिनिटे पुरतात.

या सगळ्यांहून मला जास्त खुपते ते मायेने उच्चारलेले वाक्य: "तुम्ही बसा हो, आम्ही आहोत ना." त्या वाक्याने माणसाला खुर्ची मिळते आणि हातातले काम जाते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३० क्रीडासुविधा, निधी, स्पर्धा यांबद्दल बोलते. पण तिथेही भर खेळणाऱ्यांवर आहे, स्पर्धा चालवणाऱ्यांवर नाही.

झिम्बाब्वेचे डीन डू प्लेसी जन्मापासून अंध आहेत आणि क्रिकेटचे समालोचन करतात. यष्ट्यांजवळच्या मायक्रोफोनचा आवाज ऐकत ते पावलांवरून गोलंदाज ओळखतात. कोणीतरी त्यांच्या कानांना हेडफोन आणि हातात माइक दिला, तेव्हा हे घडू शकले. आपल्या मंडळांनीही अर्जात एक रकाना वाढवावा: हे काम करण्यासाठी तुम्हाला काय लागेल? आणि मंडप, स्पीकर, चषकांच्या अंदाजपत्रकात त्या उत्तरासाठी, निदान रिक्षाभाड्यासाठी, रक्कम आधीच धरून ठेवावी.