कुऱ्हाडीचा दांडा

रमजान आला की आमच्या मोहल्ल्यात जकातीची यादी तयार होते. विधवा, यतीम, कर्जबाजारी आणि शेवटी ‘अपंग’. यादी लिहिण्याचे काम आम्हा उर्दू शाळेच्या मास्तरांकडे असते.

गेल्या रमजानमध्ये आम्ही त्यात शेजारच्या शिंप्याचे नाव घातले. पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले आहेत. मशिनला मोटर लावून तो शिवतो. पाकीट घेऊन गेलो तेव्हा तो म्हणाला, “मास्टरसाहेब, जकात मीही काढतो. ओव्हरलॉक मशिनसाठी कर्ज हवंय. जामीनदार म्हणून सही कराल?”

आम्ही गप्प झालो. पाचशे रुपये देताना हात थांबला नव्हता, सही म्हणताच थांबला. सूद हराम आहे, असे सांगून सुटावे हेही मनात आले. पण आमचे स्वतःचे घर बँकेच्याच कर्जावर उभे आहे! खरे कारण वेगळे होते. त्याला दान घेणारा म्हणून आम्ही ओळखत होतो, कर्ज फेडणारा म्हणून नाही.

अबू दाऊदच्या संग्रहातील एक हदीस आपण सारे ऐकतो. मागायला आलेल्या अन्सारी माणसाचे जाजम आणि वाडगा हजरत पैगंबर (स.) यांनी लिलावात दोन दिरहमला विकला. एकाचे धान्य, दुसऱ्याची कुऱ्हाड. तिला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि पंधरा दिवस लाकूडतोड करायला सांगितले. तो माणूस धडधाकट होता, हे खरे. पण वस्तू विकत घेणाऱ्याने भीक घातली नाही, मोल दिले; आणि दांडा बसवणारा कुणीतरी होता. मराठीत कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे तोच गोताचा आधार झाला.

सरकारही दांडा देऊ पाहते. 1997 पासून कर्ज देणारे राष्ट्रीय महामंडळ आहे. 2016 च्या कायद्यात व्यवसायासाठी सवलतीच्या दराने जमीन देताना पाच टक्के आरक्षण आहे. ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ही झाले. बँकेच्या पायऱ्या मात्र तेवढ्याच आहेत, आणि त्या चढल्यावर जामीनदार लागतोच. महाबळेश्वरला भावेश भाटिया या अंध गृहस्थांनी हातगाडीवर मेणबत्त्या विकत पुढे ‘सनराइज कँडल्स’ उभी केली आणि शेकडो अंधांना काम दिले. अशी नावे आम्ही वर्गात कौतुकाने सांगतो. पण गल्लीतला शिंपी सही मागतो, तेव्हा कौतुक कुठे जाते?

पगाराची स्लिप आम्ही काढून ठेवली आहे. त्याने मात्र पुन्हा विचारलेले नाही.