निर्दोष ठरण्याची संधी

अनुमान शिकवताना न्यायशास्त्राने शतकानुशतके जो दाखला दिला, तो स्वयंपाकघरातला आहे. डोंगरावर धूर दिसतो, तेव्हा तिथे अग्नी असला पाहिजे. कारण जिथे धूर तिथे अग्नी, हे आपण चुलीपाशी रोज पाहिलेले असते. पण त्याच शास्त्राने लगेच बजावून ठेवले की याच्या उलट म्हणता येत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी सरपण ओले असावे लागते. या नजरेआड राहिलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात आणि ती न शोधता केलेले अनुमान सदोष मानतात. एवढी चिकित्सा कशासाठी? मला वाटते, एखाद्या बिघाडाचे कारण ठरवताना आपण बहुतेक वेळा कुणाला तरी दोषी ठरवत असतो. म्हणून कारणाचा शोध ज्ञानाइतकाच नीतीचाही विषय आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याला निर्दोष सुटता येईल अशी एक तरी परीक्षा त्या शोधात असली पाहिजे. नसेल, तर तो शोध नाही. निकाल आधीच लागलेला आहे.

हे पारखायला आजच्या घरातला इलेक्ट्रॉनिक ओव्हन बरा, कारण तिथे कुणाची अब्रू पणाला लागत नाही. पॅनेलवर १८० अंश दिसतात, वेळ भरते, आणि केक मधोमध कच्चाच. ‘बोर्ड गेलं’ हा निकाल बहुधा कव्हर उघडण्याआधीच लागतो. आता आत काय चालते ते पाहू. बऱ्याच ओव्हनमध्ये मागच्या भिंतीतून एक बारीक सळई आत आलेली असते. तिच्यात प्लॅटिनमचा सेन्सर असतो. त्याचा विद्युतरोध शून्य अंशाला १,००० ओहम, २५ अंशांना सुमारे १,०९७ आणि १८० अंशांना सुमारे १,६८५ ओहम भरतो. बोर्डाला उष्णता कळत नाही, हा रोध तेवढा कळतो. वायरच्या जोडातली एखादी पिन वाफेने काळवंडली आणि तिने १०० ओहमची भर घातली, की बोर्ड ओव्हनला सुमारे २७ अंश जास्त तापलेला समजते आणि हीटर तोडते. पॅनेलवर १८०, आत जेमतेम १५३. बोर्डाचा हिशेब चोख असतो, त्याच्यापर्यंत पोचलेली खबर चुकीची असते. जोड पुरता सुटला तर रोध मोजण्यापलीकडे जातो आणि पॅनेलवर एरर कोड झळकतो. तो बोर्डाच्या तोंडून येतो, म्हणून आळही बोर्डावर येतो. उलटही घडते. हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले, तर बोर्डाने थांब म्हटले तरी हीटर तापतच राहतो. तिथेही बोर्डाची आज्ञा बरोबरच असते.

म्हणून जाणकार कारागीर आधी प्लग काढतो आणि सेन्सरचा रोध दोन ठिकाणी मोजतो, एकदा सेन्सरपाशी आणि एकदा वायर बोर्डाला मिळते तिथे. दोन्ही आकडे जुळले, तर वायर आणि जोड सुटले. मग सेन्सरच्या जागी १,५०० ओहमचा साधा रेझिस्टर लावतो. बोर्डाने तापमान १३० अंशांच्या आसपास धरले, तर बोर्डही सुटले. या रीतीचा गाभा मला फार मोलाचा वाटतो. दोष सिद्ध करण्याआधी प्रत्येकाला निर्दोषत्व सिद्ध करायची वाट इथे मोकळी ठेवलेली आहे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, इतका खटाटोप कशाला? बोर्ड बदलले, ओव्हन चालू झाला, मग बोर्डच खराब होते हे उघड आहे. आपली सगळ्यात मोठी फसगत नेमकी इथे होते. बोर्ड बदलताना वायरचा जोड उपसून पुन्हा दाबून बसवावा लागतो. त्या घासण्यात पिनेवरचा काळा थर खरवडला जातो. ओव्हन सुरू होतो तो त्यामुळे, आणि चांगले बोर्ड भंगारात जाते. उपाय लागू पडला म्हणून निदान खरे ठरत नाही. उपायाबरोबर आणखी काय हलले, हे विचारावे लागते. उपाधी ती हीच. येणारे-जाणारे बिघाड तर याहून फसवे. ते आपोआप थांबतात आणि थांबण्याचे श्रेय त्या घडीला जे काही केले असेल त्याला मिळून जाते.

अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्यातल्या मोलगीच्या परिसरात हाच प्रश्न माणसांच्या जिवाशी येतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे एकाच घरात एक लेकरू हाडे फोडणाऱ्या वेदनेने तळमळते आणि पाठचे भावंड अंगणात धावत असते. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे यांनी कळा उसळतात, आणि बऱ्याचदा काही दिवसांत आपसूक ओसरतात. निवडून एकालाच धरणारे, येणारे, जाणारे हे दुखणे पाहणाऱ्याला कुणीतरी मुद्दाम केल्यासारखे दिसावे, यात मला नवल वाटत नाही. या जिल्ह्यात बायांना ‘डाकीण’ ठरवून छळण्याचे प्रकार घडत आले आहेत. तिने नाकारले तर ती लपवते आहे, कबूल केले तर सिद्धच झाले. तिला मारहाण झाली, गावाबाहेर काढले आणि त्याच सुमाराला कळ ओसरली, तर पुराव्याला आणखी काय हवे? तिला निर्दोष ठरवू शकेल अशी एकही घटना त्या व्यवस्थेत घडूच शकत नाही. माझा आक्षेप भुताखेतांवरच्या विश्वासाआधी या गोष्टीला आहे.

यंत्र आणि माणूस एका मापाने मोजू नयेत, असा आक्षेप येईल. त्यातला वजनदार भाग मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली आफ्रिकेतल्या अझांदे लोकांविषयीच्या ग्रंथात मांडला. वाळवीने खांब पोखरले म्हणून धान्याचे कोठार पडले, हे अझांदेंना ठाऊक असते. पण नेमकी हीच माणसे खाली बसलेली असताना ते का पडले, हा त्यांचा प्रश्न. सिकलसेलचा रिपोर्ट हातात असलेली आईसुद्धा विचारणारच, चारातला तो एक माझाच का? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, धर्माचा आहे, आणि प्रयोगशाळा त्याला उत्तर देत नाही. पण उत्तर मिळत नाही म्हणून ते दुसऱ्याच्या देहावर लिहायचा हक्क कुणाला येत नाही. देवाशी भांडावे, नवस बोलावा, रडावे. त्यात तिसऱ्याचा बळी नाही. शहरी सुशिक्षितांनी इथे मान वर करू नये. आजारी लेकराच्या आईला ‘गेल्या जन्मीचे भोग’ म्हणून सांगणारेही तिला अपिलाची जागा ठेवत नाहीत. कर्मसिद्धान्ताने स्वतःचे दुःख सोसायला बळ मिळत असेल तर मिळो. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करायला तो वापरला, की तोही डाकीण ठरवण्याच्याच जातीचा होतो.

कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यावर आधी अध्यादेश आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई पसरते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्याखाली गुन्हा आहे. तो हवाच. मात्र तो आरोप करणाऱ्याला आवरतो. कळ कशाची, हे सांगायला रक्ताची तपासणीच लागते. तिथेही पहिल्याच खुणेवर थांबून चालत नाही. सिकलसेलची साधी विद्राव्यता चाचणी वाहकातही सकारात्मक येते आणि रुग्णातही. दोघांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळतो. आणि लेकराचे निदान झाल्यावर एकट्या आईचे रक्त तपासले, ती वाहक निघाली, एवढेच घरी कळले, तर ‘हिच्या रक्तातून आलं’ म्हणत जुनाच आरोप नव्या कागदावर उभा राहतो. सिकलसेलची दोन्ही जनुके मुलात आली असतील, तर त्यातले एक वडिलांकडूनच आलेले असते. त्यामुळे वडिलांचीही तपासणी करून, दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी, दोघांसमोर आणि सासूसासऱ्यांच्या देखत वाचून दाखवले गेले पाहिजेत.