शरणागतीची कसोटी

गेथशेमाने बागेत ख्रिस्ताने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रथम विनवणी केली आणि मगच आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेविली. तेव्हा शरणागती म्हणजे इच्छाशून्यता नव्हे. ज्यास इच्छाच नाही, तो अर्पण तरी काय करणार? परंतु आम्हां सामान्यांचे देवापुढे नमणे सोपे असते. तो चारचौघांत आमची चूक दाखवीत नाही. परवा वर्गात एका विद्यार्थ्याने ती दाखविली, तेव्हा पहाटेच्या प्रार्थनेतील आमची नम्रता क्षणात मावळली. १७ व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकाचे काम करणारा ब्रदर लॉरेन्स प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ निराळी मानीत नसे. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही चूक कबूल केली, तेव्हाच आमच्या हातून खरी प्रार्थना घडली असे आम्हांस वाटते.