आश्रित

माझा उभा जन्म नकाशे काढण्यात गेला. टी-स्क्वेअर, शाईचे पेन आणि ट्रेसिंगचे कापड एवढ्यावर मी पोट भरले. भिंत चुकली की दाढीच्या ब्लेडने शाई खरवडावी लागे. भिंत गेली तरी तिच्यातली खिडकी मात्र अधांतरी उरे. ती वेगळी खरवडायची. एकदा विसरलो, तर साहेब म्हणाले होते, "ही खिडकी आकाशाला लावलीस काय?"

परवा माझ्या आर्किटेक्ट पुतणीने संगणकावर एक भिंत पुसली, आणि तिच्यातली खिडकी आपोआप नाहीशी झाली. मी दचकलो. ती सहज म्हणाली, "काका, ती होस्टेड आहे. भिंत नाही तर ती नाही." या शब्दाचा मी मनातल्या मनात तर्जुमा केला : आश्रित.

या सॉफ्टवेअरचे नाव रेव्हिट. अमेरिकेत २००० साली ते प्रथम बाजारात आले आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतले. त्यात दार, दिवा, बेसिन अशा प्रत्येक घडीव वस्तूला 'फॅमिली' म्हणतात. कुटुंब म्हटले की आश्रित आलाच, हे त्या दूरच्या मंडळींना कसे उमगले कोण जाणे!

वस्तू घडवायला बसले की पहिली रेघ ओढण्याआधी साचा निवडावा लागतो. भिंतीच्या आश्रयाची, छताच्या आश्रयाची, कोणत्याही पृष्ठभागावर चिकटणारी, की कोणाचाच आधार न घेणारी? भिंतीचा साचा उघडला की पडद्यावर भिंतीचा एक तुकडा आधीच उभा असतो. ही भिंत खोटी. वस्तू प्रत्यक्ष इमारतीत गेली की ती मागे राहते. पण तिच्याच मापाने वस्तू वाढते. चौकट तिच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवली, तर पुढे नऊ इंची भिंत मिळो की साडेचार इंची, चौकट निमूटपणे तेवढी होते. आणि एकदा निवडलेला आश्रय मागाहून सरळ बदलता येत नाही. नवा साचा घेऊन पुन्हा पहिल्यापासून घडवावे लागते.

आश्रयात सुख नाही असे नव्हे. भिंत दोन फूट सरकवली की तिच्यातले दार बिनबोभाट तिच्याबरोबर सरकते. निराधार वस्तू जिथल्या तिथे राहते. तिला कोणी तरी आठवणीने उचलावे लागते. शिवाय खिडकीसाठी भिंत स्वतःला भोक पाडून घेते. पृष्ठभागावर चिकटणाऱ्या दिव्याचे तसे नाही. त्याची भिंत पुसली तर तो मरत नाही, हवेत लटकत राहतो; आणि आश्रयदात्याच्या रकान्यात एवढेच उमटते की याचा आता कोणाशी संबंध नाही.

हे ऐकताना मला माझी आत्या आठवू लागली, आणि पुतणीच्या बोलण्याकडे माझे लक्ष राहिले नाही.

आत्या १९४४ साली विधवा झाली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेली संस्था तेव्हा हिंगण्याला होती. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यापासून पायी तासाभराची वाट. आत्याला तिथे शिकायचे होते. आजोबा म्हणाले, "भाऊ खंबीर आहे तुझा. तुला काय कमी आहे?" यात दुष्टावा नव्हता, मायाच होती. म्हणून तर तिला उत्तर देता आले नाही. वडिलांची बदली होई तिथे आत्या आमच्याबरोबर येई, आणि वडिलांच्या घरात तिच्यासाठी खरोखरच जागा कोरलेली होती. जमाखर्चाची वही तिच्या हाती असे. आईसुद्धा तिला विचारल्याशिवाय पाहुण्याला राहून घेत नसे.

१९७८ साली वडील गेले. आम्ही तिघा भावांनी ठरवले की आत्याने प्रत्येकाकडे चार चार महिने राहावे. हिशेब अगदी चोख होता. त्या वेळी मला आमचा अभिमानच वाटला होता, लोकही वाखाणत. तिला काय हवे हे विचारायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. आणि विचारले असते तरी त्रेपन्नाव्या वर्षी ती कोणता साचा मागणार होती?

दोष आजोबांवर ढकलणे सोपे आहे. त्यांनी खोट्या भिंतीला खरी मानले, एवढे खरे. पण आम्ही तर तिच्यासाठी भोकही पाडले नाही. पृष्ठभागावर चिकटवले आणि त्याला सांभाळणे म्हटले.

पुतणी एका रुग्णालयासाठी हात धुण्याचे बेसिन घडवत होती. "भिंतीचा साचा नको," ती म्हणाली. "भिंती दुसऱ्या ऑफिसच्या फाइलीतून जोडून घेतल्यात, त्यांच्यावर असली वस्तू बसतच नाही. पृष्ठभागाचा घेऊ, की मोकळंच करू?"

मी काहीच बोललो नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमची मधली खोली होती. आत्यासाठी मी तिथे मुद्दाम दोन सागवानी खुंट्या ठोकून घेतल्या होत्या. ती आमच्याकडे सात पावसाळे आली आणि गेली. तिची लुगडी शेवटपर्यंत ट्रंकेतच असत. ओले झालेले तेवढे ती दोरीवर घाली आणि वाळले की घडी करून पुन्हा आत ठेवी.