चरातलं पाणी

काकडदऱ्याच्या टेकडीवर बसा. आर्वी तालुक्यातलं हे कोलाम आदिवासींचं लहानसं गाव. पाऊस आत्ताच उघडला आहे.

खांदे सैल सोडा. श्वास येतोय, जातोय. येऊ द्या, जाऊ द्या.

समोर एक चर आहे, उताराला आडवा खणलेला. त्यात पाणी साचलंय. गढूळ, मुरमाच्या रंगाचं.

त्याच्याकडे बघा. एवढंच करायचं आहे.

हे पाणी घाईत निघालं होतं. ओंजळ-ओंजळ माती उचलत नाल्यात, नाल्यातून वर्धा नदीत. पुढे प्राणहिता, गोदावरी आणि पार बंगालचा उपसागर. वावरातली माती, कपाशीवर फवारलेलं औषध, सगळं याच वाटेनं खाली उतरतं.

इथे चर आडवा आला.

पाणी थांबलंय. तुम्हीही थांबा.

चराच्या काठावर हात ठेवा. गार लागतो ना? 2017 च्या उन्हाळ्यात, वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या 45 दिवसांत, या गावानं टिकाव, फावडी, घमेली घेऊन श्रमदान केलं आणि राज्यात पहिला नंबर काढला. विदर्भातला मे महिना ज्यानं अंगावर काढलाय, त्याला त्या उन्हाचं वेगळं सांगायला नको.

बक्षिसाचं राहू द्या. पुन्हा पाण्याकडे बघा.

गाळ खाली बसतोय. सावकाश. वरचं पाणी निवळू लागलंय. कुणी तुरटी फिरवलेली नाही.

चर समपातळीत आहे, म्हणून पाणी इकडे सरकत नाही, तिकडेही नाही. त्याला एकच वाट उरते. खाली. मातीतून मुरमात, मुरमातून काळ्या पाषाणाच्या भेगांत.

कान द्या. आवाज येत नाही. तरी ते मुरतंय.

डोळे मिटा. त्याच्यासोबत थोडं खाली जा. अंधार. गारवा. माती त्याला गाळून घेतेय. विरघळलेलं खत मात्र तिला गाळता येत नाही; ते वावरात टाकतानाच हात आखडता घ्यावा लागतो.

आणखी एक श्वास. आणखी थोडं खाली. पायथ्याच्या विहिरीपर्यंत पोचायची घाई पाण्याला नाही, तुम्हालाही नको.

आता डोळे उघडा. तळाशी बसलेला गाळ बघा. प्रत्येक पावसात तो बोटभर वर चढतो. चर बुजला की पाणी पुन्हा धावत सुटेल. येत्या उन्हाळ्यात हा गाळ उपसायला माणसं लागतील.