आश्रितसेवा : शेजारती नसलेली पूजा



देवळातील पूजेला वेळेचे बंधन असते. काकडआरतीने दिवस उघडतो, शेजारतीने मिटतो आणि दार लोटून आपण निश्चिंतपणे घरी जातो. परंतु आपल्या सभासदांपैकी कित्येक कुटुंबांत अशी एक पूजा चालू आहे की जिला शेजारती नाही. कोणाच्या घरी बुद्धीची वाढ न झालेला प्रौढ दीर आहे, कोणाकडे विस्मरण जडलेली निपुत्रिक आत्या, तर कोणाकडे पक्षाघाताने खिळलेला चुलता. निपाणीकडे तंबाखूचे सूप मांडीवर घेऊन विड्या वळता वळता एक डोळा खाटेकडे ठेवणाऱ्या माउली आहेत. त्यांस आमचे प्रथम वंदन.

परंतु आश्रय दिला म्हणजे धर्म संपला काय? आमच्या मते तो तेथे सुरू होतो. देवळातील पूजेत चूक झाली तर दहा भाविक पाहतात. घरातील सेवेत चूक झाली तर दार बंद असते, आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्यास पुष्कळदा तो सांगताही येत नाही. म्हणून येथे सेवेकऱ्याने स्वतःचा साक्षी स्वतःच व्हावे लागते.

महानुभाव पंथीयांचे श्रीगोविंदप्रभु तेराव्या शतकात ऋद्धिपुरास राहिले. लौकिक दृष्टीस त्यांचे आचरण वेड्यासारखे दिसे. ते कोणाच्याही घरी जात, मनास येईल ते मागत. तरी गावाने त्यांस आपले मायबाप मानले, आणि म्हाइंभटांनी त्यांच्या लीला आदराने नोंदविल्या. युरोपात बेल्जममधील गेल या गावीही असाच प्रघात पडला. संत डिंफ्नेच्या देवळी मनोरुग्ण यात्रेकरू येत. जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांस आपापल्या घरी ठेवून घेतले. 1930 नंतरच्या दशकात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे तेथील कुटुंबांत राहत होते. आज संख्या घटली आहे, पण प्रथा जिवंत आहे. कुटुंबास अल्प मोबदला मिळतो आणि पाठीशी रुग्णालय उभे असते. दोन्ही ठिकाणी भार एका सुनेच्या खांद्यावर नव्हता, तो साऱ्या गावाचा होता.

मग सेवेचा कस कसा लावावा? आश्रिताचे ताट आपल्याच पंगतीत वाढले जाते काय? आज काय खावेसे वाटते, कोणते वस्त्र नेसावे, हे त्यास कोणी विचारते काय? त्याच्यादेखत त्याच्याविषयी, तो तेथे नसल्यासारखे, बोलले जाते काय? बाळेकुंद्रीच्या यात्रेस किंवा कपिलेश्वराच्या दर्शनास त्यास नेतो, की पाहुणे आले म्हणजे मागच्या खोलीत बसवितो? आणि त्याच्या नावाने येणारे निवृत्तिवेतन, त्याच्या वाट्याची जमीन, यांचा हिशेब स्वच्छ आहे काय? आश्रिताच्या पैशातून घराची कौले बदलणे आणि त्यास फाटक्या घोंगडीवर निजविणे, हे देवाच्या दानपेटीत हात घालण्यासारखेच होय.

कायद्यानेही हाच विवेक मांडला आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमू शकते. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो; छळ, दुर्लक्ष वा अपहार झाल्यास त्यास दूर करता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने तर व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यावा, असे म्हटले आहे. म्हणजे आश्रित हा सांभाळलेला ऐवज नव्हे. त्यास स्वतःची इच्छा आहे.

तथापि सेवेकऱ्यासही देह आहे. रात्रंदिवस एकटीने राबणाऱ्या बाईच्या वाणीत कधी कठोरपणा आला, तर त्याचा काही दोष तिच्याकडे न फिरकणाऱ्या आम्हां सर्वांचा आहे. म्हणून आमची विनंती अशी : प्रत्येक कुटुंबाने आपल्या गल्लीतील अशा एका घरी आठवड्यातून दोन तास जाऊन बसावे. भाषा मराठी असो वा कानडी, त्या माउलीस तेवढा वेळ निजू द्यावे, आणि आश्रिताशी चार गोष्टी कराव्यात. त्यामुळे सेवेकऱ्यास विसावा मिळेल, आणि बंद दारही उघडे राहील.

देव आपल्या घरी कोणत्या रूपाने राहावयास येईल, हे आपण ठरवीत नाही. आला आहे, तर त्याचे पान नीट वाढावे, एवढेच आपल्या हाती आहे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.