शुश्रूषेला जामीन कोण?

पुण्या-मुंबईतील इमारतीच्या फाटकाशी बसणारा पहारेकरी ज्या खासगी संस्थेमार्फत येतो तिला 2005 च्या केंद्रीय अधिनियमान्वये परवाना घ्यावा लागतो, आणि त्याखालील नमुना नियमांत पहारेकऱ्यास वर्गातील 100 व प्रत्यक्ष कामावरील 60 तासांचे शिक्षण सांगितलेले आहे. ते कितपत दिले जाते हा प्रश्न निराळा, परंतु दाराबाहेरच्या माणसाची लायकी पाहणे हे आपले काम आहे, एवढे सरकारने तत्त्वतः तरी पत्करले आहे. त्याच इमारतीत, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला कुशीवर वळवणारी, तिचे अंग पुसणारी, तिचे मलमूत्र काढणारी जी मावशी ब्यूरोकडून बारा तासांच्या ड्यूटीवर येते, तिच्या शिक्षणाविषयी मात्र त्या ब्यूरोला कोणी दाखला मागत नाही.

या पोकळीत प्रत्येक कुटुंब आपली कसोटी आपणच ठरवते, आणि ती कसोटी बहुधा रुग्णाच्या पाठीपेक्षा कपाटाच्या किल्लीशी अधिक निगडित असते. बाई विश्वासू आहे, उलट बोलत नाही, फोनवर फार वेळ नसते, एवढे समाधान झाले की सेवा उत्तम ठरते. प्रामाणिकपणाचे मोल मी कमी लेखत नाही. पण शुश्रूषा हे कौशल्य आहे, आणि स्वभावाच्या चांगुलपणातून ते आपोआप उपजत नाही. एकाच अंगावर फार काळ निजलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर वा टाचेवर प्रथम जी लाली येते, ती बोटाने दाबूनही ओसरत नसेल तर तिथे शय्याव्रणाचा आरंभ झाला आहे, हे जिला शिकवलेले आहे ती वेळीच कूस बदलील; जिला ते शिकवलेलेच नाही ती मनाने कितीही प्रेमळ असली तरी त्यावर पावडर शिंपडून चादर नीट करील, आणि मग जी जखम होईल ती महिनोन्महिने भरणार नाही. गिळण्याची शक्ती क्षीण झालेल्या माणसाला आडवे ठेवूनच पेज भरवली तर ती श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला दाह होऊ शकतो, हीही अशीच साधी आणि जिवावर बेतणारी गोष्ट. याखेरीज, अंगावरचे वस्त्र दूर करण्यापूर्वी दार लोटून घेणे, ज्याला बोलता येत नाही त्यालाही काय करीत आहोत ते सांगणे, या गोष्टी कोणत्याही हिशेबाच्या वहीत उमटत नाहीत. परावलंबी माणसाचा दिवस मात्र त्यांच्यावरच तरतो.

दर्जाचा दुसरा आधार सातत्य. रुग्णाचा कोणता हात दुखतो, रात्री तो कशाला भितो, हे जाणायला आठवडे लागतात, आणि ते जाणून होते न होते तोच बदली बाई दारात उभी राहते. हा केवळ ढिसाळपणा नव्हे. घरवाले आणि बाई परस्पर ठरवून टाकतील आणि आपले कमिशन बुडेल, ही धास्ती ब्यूरोवाल्याला असते. शिवाय चोवीस तासांच्या ड्यूटीत जिला सलग झोप मिळत नाही, जिला रजा म्हणजे पगारकपात आणि आजार म्हणजे काम गमावणे, ती बाई अधिक बऱ्या ठिकाणी निघून गेली तर तिला दोष देववत नाही. (पगार वाढवायला सांगितल्यावर ‘ती घरच्यासारखीच आहे’ असे म्हणणारे यजमान मी पुष्कळ पाहिले आहेत.) तिच्या दुखऱ्या कमरेचा प्रश्न आणि रुग्णाच्या सेवेचा प्रश्न हे एकाच खात्यात मांडले पाहिजेत.

नियमनाने सारे सुधारते असा भाबडा विश्वास इंग्लंडकडे पाहून राहत नाही. तेथे 2009 पासून असलेली केअर क्वालिटी कमिशन ही यंत्रणा घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांचीही तपासणी करून प्रतवारी प्रसिद्ध करते. तरीही स्थानिक मंडळे खर्चाच्या ओढीने पंधरा मिनिटांच्या भेटी विकत घेत राहिली, आणि अपवाद सोडता अर्ध्या तासाहून कमी भेट देऊ नये, असे तेथील राष्ट्रीय आरोग्य-मार्गदर्शक संस्थेला 2015 मध्ये स्पष्ट लिहावे लागले. पंधरा मिनिटांत माणसाचे डायपर बदलता येते. त्याची विचारपूस करता येत नाही. परंतु तेथे ही उणीव निदान सार्वजनिक वादाचा विषय तरी झाली, कारण तपासणीचे कागद लोकांपुढे होते. आपल्याकडे ती बंद दाराआड जिरते.

2019 च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलेल्या ज्येष्ठ नागरिकविषयक सुधारणा विधेयकात गृहसेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्या सेवकांचे प्रशिक्षण यांची तरतूद होती. ते संमत न होताच त्या लोकसभेची मुदत संपली. परवान्याने दर वाढतील, हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर केवळ कायद्यात नाही. जपानने 2000 साली चाळिशीपुढील नागरिकांकडून वर्गणी घेणारा दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला, तो याच खर्चाची विभागणी करण्यासाठी. आपल्याकडे संपूर्ण भार कुटुंबावर, आणि कुटुंबाच्या काटकसरीचा भार मावशीवर. तेवढा पैशाचा बंदोबस्त होईपर्यंतही नोंदणीच्या वेळी ब्यूरोकडून दोन गोष्टी मागता येतील: रुग्णाच्या उशाशी कूस बदलल्याची, खाण्यापिण्याची, त्वचेच्या स्थितीची रोजची नोंदवही, आणि बदली पाठवायचीच असेल तर जुन्या मावशीबरोबर एक पाळी काढलेली बाई, त्या पाळीचा मेहनताना ब्यूरोने आपल्या कमिशनातून द्यावा या अटीवर.